जरीचे तणावे

लालबाग, बऱ्हाणपूर
ता. ११ एप्रिल १९५७

त्या सकाळी, सव्वीस जानेवारीला, मी आधी चूल पेटवली आणि भाकरीच्या आधी मेण वितळायला ठेवलं. नळाची धार बारीक होती. कळशी धारेखाली लावून मी अंगण झाडलं. झाडताना लाकडाचा भुसा आणि सुताची टोकं निघाली, ती चुलीत घातली. मग कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा वाटला, सगळं फडक्यात बांधलं. मेण पातळ झाल्यावर दोराचं टोक त्यात बुडवलं आणि चिमटीतून दोर ओढत गेले, बोटं भाजेपर्यंत. हे म्हणाले, "तू ओढलेला दोर पावसातसुद्धा ढिला पडत नाही." मी म्हटलं, "मग पुढच्या जन्मी मला दोरच करा." हे हसले. तुला आंघोळीसाठी दोनदा हाक मारली. तू मागच्या खोलीत दार लावून बसला होतास. आतून म्हणालास, "आलोच, वहिनी. हे दोर मी बांधून आणतो, द्या इकडे." मी दाराच्या फटीतून दोर दिले. आत काय करतोयस ते विचारलं नाही.

प्रभाकर, पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. हात गेला नाही, म्हणून सकाळच लिहिली.

तुझा सुरतेचा पत्ता सुपडूने काढून दिला. तिथल्या जरीवाल्यांकडे त्याचा मेहुणा जातो, त्याला तू तार ओढताना दिसलास. जिवंत आहेस हे कळलं. इथलं सांगते. तुझ्या दादांना बैलगाडीतून आणलं. तोंडावरून ओळख पटत नव्हती, मी पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं. आम्हांला मूल नाही, म्हणजे अग्नी तू द्यायचा. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग शेजारी म्हणून सुपडूने दिला. सुतार माणूस, ज्या हातांनी दादांच्या विमानाच्या पट्ट्या रंधल्या त्याच हातांनी लाकडं रचली.

काल सरकारी वकील येऊन गेले. खंडव्याला जुलैत दादांच्या खुनाची केस उभी राहणार. कौतिक पाटील पहिला आरोपी. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रक्त होतं, पोलिसांनी सदरा जप्त केला आहे. वकील म्हणाले, "बाई, तुमच्या दिराने त्या रात्री ठाण्यात दिलेली जबानी पक्की आहे. विमान उडवायच्या पेटीचा पट्टा मयताच्या गळ्यात होता, तो कौतिकने मागून ओढला, असं त्याने सांगितलंय. तुम्ही तेवढंच म्हणा. दोन साक्षी जुळल्या की फास टळत नाही. वर अपील केलं तरी हायकोर्ट आता नागपूरला नाही, जबलपूरला. तिथे त्याला कोण विचारतो?"

मी मान हलवली. हलवताना बरं वाटलं, हे तुला लिहिते. जानेवारीपासून काहीच बरं वाटलं नव्हतं. मी वकिलांना म्हणाले, फाशीच्या दिवशी मला बोलवा, त्याचे पाय मी ओढते. ते घाबरून चहा टाकून उठले.

एवढंच विचारायचं आहे. कौतिक पट्टा ओढताना तुला दिसला, तेव्हा तू कुठे उभा होतास? दोघांचं एकच यायला हवं, असं वकील म्हणाले. लिहून कळव.

वहिनी

लालबाग
ता. ३ मे १९५७

तुझं कार्ड मिळालं. "मी पेटीपासून लांब, मंडपाच्या पुढच्या खांबाशी होतो. कौतिकचंच नाव घ्या. जास्त लिहू नये." तीन वाक्यं. मी ती पुष्कळ वेळा वाचली. तुला आठवतं ना, मी वाचायला कशी शिकले? रेडिओचे व्हॉल्व्ह जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचे. ते कागद पाटावर सरळ करून मी एकेक अक्षर लावायची आणि तू चिडवायचास, "वहिनी, ती बातमी मागच्या दिवाळीची आहे, तो पुढारी मेलासुद्धा." तेव्हापासून सवय आहे, छापलेलं असो की लिहिलेलं, मी दोनदा वाचते.

मंडपाच्या पुढच्या खांबाशी मी होते, प्रभाकर. भाकरीचं फडकं तिथल्याच खिळ्याला अडकवलं होतं.

असो. गर्दीत माणूस विसरतो. मी तुला बाकीचं आठवून देते.

मी या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. माझ्या पदराला नाक पुसायचास. दादा युद्धात वायरलेसवर गेले, तेव्हा तू आणि मी दोघंच होतो. परत आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक वेड घेऊन. तिकडे तोफवाल्यांच्या सरावासाठी बिनमाणसाचं विमान उडवायचे. खाली एकजण पेटीवरचं बटण दाबणार, वर विमान वळणार, आणि तोफा त्याला फोडणार. दादा म्हणायचे, "रोज एक दुरुस्त करायचं आणि रोज एकाचा मुडदा वेचायचा. मला एक असं करायचंय, ज्याच्यावर कुणी गोळी झाडणार नाही."

रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवून उरलेल्या वेळात ते झालं. दोन मजली पंख, एकावर एक. नुसता वरचा पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. परदेशी हलकं लाकूड मिळेना, म्हणून सावरीच्या पट्ट्या आणि बांबूच्या चिपा. इंजिन लष्कराच्या लिलावातलं, बॅटऱ्या भरायच्या यंत्राचं. नाकावरचा प्रोपेलर सुपडूने सागाचा कोरला. एक लावायला आणि एक जादा, कारण दादा म्हणाले, "पहिला मोडणारच." पंखांवर मलमल मी शिवली. प्रत्येक बरगडीला टाका, टाक्याला गाठ. वरून खळ, खळीवर लिलावातलं विमानाचं रोगण. त्या रोगणाला पिकल्या केळीचा वास. आळीभर वास सुटला. लोक विचारायला यायचे, "रेडिओवाल्याने केळ्याची वखार कधी टाकली?" सुपडू रोज येऊन तेच म्हणायचा, "चुडामणभाऊ, याच्यात भाभीले बसवा अन् धाडा भोपाळले. नवी राजधानी पाहून येतीन." मी म्हणायची, "आधी तुला धाडते, परत यायचं पेट्रोल न भरता."

दोन पंखांमध्ये खांब, आणि खांबांतून तिरके दोर. दादा त्यांना तणावे म्हणायचे, तंबूला असतात तसे. खरं विमान तारेने ताणतात. दादांनी तार लावली नाही. तुला समोर बसवून सांगितलं होतं, मीही चाळणीत पीठ घेऊन तिथेच होते. "पोटातला रेडिओ बारीक कानाचा आहे. इंजिन हादरलं की तारेला तार घासणार. घासली की रेडिओच्या कानात खरखर. मग बटण दाबा की कपाळ बडवा, त्याला ऐकूच येणार नाही. म्हणून रेशमाचा दोर, मेण लावून. जिथे दोन दोर एकमेकांना ओलांडतात, तिथेसुद्धा बुचाचा तुकडा." हे कळायला शिकावं लागत नाही. पंख्याचं बटण दाबलं की दुकानातला रेडिओ खरखरतो, हे तुलाही माहीत होतं.

पण तू तारकस. जरीची तार ओढणारा. साध्या दोरात तुला दारिद्र्य दिसायचं. सव्वीस जानेवारीला नव्या राज्याचा पहिला सोहळा, मंडपात खुर्च्या, नेपानगरहून गिरणीतले साहेब येणार. कौतिकने बहादरपूरच्या वाटेवरचं पडीक शेत सपाट करून दिलेलं. तू दादांना म्हणाला होतास, "दादा, बऱ्हाणपूरचं विमान आणि अंगावर एक जर नाही? लग्नात गाढवालासुद्धा जर लावतात." दादा म्हणाले, "गाढव उडत नाही."

शेतात पंख जोडायला काढले तेव्हा सगळे तणावे लखलखत होते. प्रत्येक दोरावर तू जर गुंडाळली होतीस. बुचंही काढून टाकली होतीस, जर नीट बसावी म्हणून. दादांचा चेहरा मी पाहिला. तुला मारतील असं वाटलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "प्रभ्या, काढ. सगळी काढ. त्याशिवाय इंजिनाला हात लावू नको." तेवढ्यात मंडपातून हाक आली, हार घालायला. जाता जाता पुन्हा म्हणाले, "काढतोस ना?"

तू म्हणालास, "हो दादा."

हे मी ऐकलं. आता तू खांबाचं नीट आठव आणि लिही.

वहिनी

लालबाग
ता. १६ जून १९५७

तुझं उत्तर आलं नाही. त्याऐवजी दुसरंच कुणी आलं.

परवा दुपारी दुकानाचं अर्धं फळकूट लावून मी बसले होते. एक बाई दारात उभी राहिली. पदरात काहीतरी जड होतं.

"रेडिओवाल्याची बाई तूच ना?"

"हो."

"मंग हे घे." आणि पदरातला दगड तिने फेकला. दुरुस्तीला आलेल्या रेडिओची काच फुटली. दुसरा दगड माझ्या खांद्याला लागला. मी पाटावरून उठले आणि तिच्या केसांना धरलं. तिने माझ्या केसांना धरलं. आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर पडलो. माझं गुडघ्याचं कातडं गेलं, तिच्या गालावर माझी नखं उमटली. लोक जमले. कुणी सोडवलं नाही. पोरं मोजत होती कोण वर, कोण खाली.

ती कौतिकची बायको, सरुबाई. हे मला तिने बोचकारल्यावर कळलं.

"तुह्या दादल्याच्या त्या उडत्या चिलटानं मही पोर कापली!"

"आणि तुझ्या नवऱ्याने माझा माणूस मारला! फासावर जाऊ दे त्याला!"

तिने माझे केस सोडले. धापा टाकत माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मह्या माणसानं? बाई, त्याले उठता आलं असतं ना, तं पयला घाव त्याचाच असता. मी सांगते तुले, त्यानंच मारलं असतं. पण त्याले उठताच आलं नाही. पोरीचं डोकं मांडीवर, दोन्ही हातानं मान दाबून बसला व्हता, जसं काय रक्त परत आत जाईन. पोलीस म्हने हाताले रक्त कोनाचं? अरे, लेकीचं! लेकीचं नाही तं कोनाचं?"

तिला आत घेतलं, तांब्या दिला. ती म्हणाली, "तुह्या घरचं पानी नाही पेनार मी." खाली बसून तिने फुटलेली काच वेचली. अंगठा कापला. तो तोंडात घातला आणि तशीच चालू पडली. नवऱ्याला वाचव, असं ती एकदाही म्हणाली नाही.

तिने सांगितलं म्हणून मी हे लिहीत नाही. मी पाहिलं होतं. पाहिलेलं मी जवळजवळ पाच महिने गाठोडं बांधून ठेवलं होतं. मला कुणाला तरी मारायचं होतं, आणि कौतिक हाताशी होता.

आता गाठोडं सोडते. शेवटपर्यंत वाच.

दादा मंडपातून आले. तू म्हणालास, "काढली, दादा." दादा पंखांच्या पलीकडे, नाकाशी होते, उन्हाकडे तोंड. इंजिन हाताने फिरवायला लागले. तीनदा भुसभुसलं, मग लागलं. मलमल थरथरली. पेटी तुझ्या गळ्यात होती, आधी तू उडव आणि वर गेल्यावर मला दे, असं ठरलं होतं. विमान धावलं, उचललं, केळीच्या बागेवरून वर गेलं. प्रभाकर, ते सुंदर होतं. मी शिवलेले टाके आकाशात होते. लोक ओरडत होते, "सोन्याचं विमान! सोन्याचं विमान!" उन्हात तणावे लखलखत होते, तेव्हा मला कळलं की तू एकही तार काढली नव्हतीस. दादांनाही तेव्हाच कळलं. ते तुझ्याकडे धावत निघाले.

कौतिक तुझ्या शेजारी होता. शेत त्याचं, तो यजमान. त्याने म्हटलं, "अरे, चुडामणले देऊन टाक पेटी आता."

तू म्हणालास, "एक चक्कर अजून, पाटील."

शेपटी डावीकडे वळली आणि तिथेच राहिली. तू बटण दाबत होतास. मला तुझा अंगठा दिसत होता. विमान गोल फिरत खाली यायला लागलं, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा खाली. लोकांना वाटलं, खेळ आहे. टाळ्या वाजल्या. मग ते मंडपाच्या कडेने माणसांच्या उंचीवर आलं आणि टाळ्या थांबल्या. सगळे खाली पडले. कौतिकची कमल पाहुण्यांसाठी चहाच्या कपांचं ताट घेऊन येत होती. ती पडली नाही, पळाली नाही. ती ताट सांभाळत होती.

प्रोपेलर लाकडाचा होता. लाकूड असं कापतं हे मला माहीत नव्हतं. रक्त माझ्या भाकरीच्या फडक्यापर्यंत आलं. पेट्रोल सांडलं, रोगण फाटलं, आणि सगळ्या शेतात पिकल्या केळीचा वास सुटला. मी आता केळं खात नाही.

कौतिक धावला आणि पोरीपाशी बसला. त्यानंतर तो हललाच नाही. लोक त्याच्या अंगावरून उड्या मारून गेले.

दादा तुझ्यापर्यंत पोचले. तुझ्या गळ्यातला पट्टा त्यांनी ओढून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. म्हणाले, "पळ, प्रभ्या. केळीतून पळ." आणि ते पोरीकडे वळले. तू बागेच्या कडेला पोचलास. तोवर गर्दी उठली होती. कुणीतरी ओरडलं, "कोनं केलं? पेटी कोनाकडं व्हती?"

आणि तू पळता पळता थांबलास. कुणी तुला विचारलं नव्हतं. तू हात करून ओरडलास, "दादाकडे! ती बघा, दादाच्या गळ्यात आहे!"

दादांनी तुझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहून मान हलवली. हो म्हणून.

मागून पट्टा ओढला तो निंबाने. कमलचा ठरलेला नवरा, अक्षय्य तृतीयेला लग्न होतं. त्याने दादांच्या पाठीत गुडघा दिला आणि पट्टा दोन्ही हातांनी मागे खेचला, बैल खेचतात तसा. बाकीच्यांनी मंडपाचे बांबू उपटले. पेटी तोंडावर फोडली. मी खांबापासून निघाले आणि माणसांच्या पायांमधून आत गेले. कुणीतरी माझ्या हातांवर बांबू घातला, बांगड्या तिथेच फुटल्या. दुसऱ्या दिवशी बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा फोडायला काही उरलं नव्हतं. मी निंबाच्या उजव्या मनगटाला चावले. मांस तोंडात आलं तरी त्याने पट्टा सोडला नाही. ती खूण अजून असणार. पोलिसांनी कुणाच्या मनगटाकडे पाहिलंच नाही, त्यांना कौतिकचे हात मिळाले होते.

दादांचे पाय थोडा वेळ हलले. मग नाही.

कौतिकला तू का निवडलंस, हे आता कळतं. तुझ्या शेजारी तोच उभा होता. "पेटी प्रभाकरकडे होती," असं त्यानेच पोलिसांना सांगितलं. तो खुनी ठरला की त्याचं कोण ऐकणार?

दादांनी तुला वाचवण्यासाठी मान हलवली. मीही वकिलांपुढे मान हलवली आहे. दोन्ही माना एकाच कामाच्या होत्या का, याचा मी विचार करते आहे.

वहिनी

लालबाग
ता. १८ जुलै १९५७

तू परवा येऊन गेलास, तेव्हा बोलणं अर्धं राहिलं. उरलेलं लिहिते.

तू आलास तो सुरतेची घारी, तिथली मिठाई, घेऊन. पुडक्यावर सुतळीची गाठ. मी म्हटलं, "आत ये." तू दादांच्या तसबिरीकडे पाठ करून बसलास. लहानपणी मार चुकवायला बसायचास तसाच, एक पाय दाराकडे.

"वहिनी, तुमचं पत्र मी जाळलं."

"बरं केलंस. मला पाठ आहे."

"मी लहान होतो. घाबरलो."

"सव्वीस वर्षांचा होतास."

"लोक मला फाडून खातील. तुम्ही बोललात तर बहादरपूरची माणसं मला उभा कापतील. तुम्हांला तेच हवंय का?"

मी चुलीकडे पाहत होते. म्हणाले, "कौतिक लटकेल, त्याचं काय?"

तेव्हा तू जे म्हणालास ते तुझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे विसरायला नको: "त्याची पोरगी गेली. तो तसाही जगून काय करणार?"

"माझंही माणूस गेलं," मी म्हटलं. "मग माझ्यासाठीही दोर आणलास का?"

तू उठलास. आधी पाया पडलास, मग दंड धरलास. "म्हणा, काही दिसलं नाही! गर्दी होती, काही दिसलं नाही म्हणा! एवढं तोंडाने म्हणायला काय जातं?" मला फळीवर ढकललंस. डोक्याला फळीची कड लागली, वरचे व्हॉल्व्ह खाली पडून फुटले. हात पिरगाळलास. या हाताने तुला भरवलं आहे, प्रभाकर. याच हाताला धरून तू शाळेत गेलास. मी म्हटलं, "सोड." तू सोडला नाहीस. "म्हणा!" म्हणालास. तुझी थुंकी माझ्या तोंडावर उडाली.

डावा हात मोकळा होता. खुंटीला जादा प्रोपेलर टांगलेला होता, जो लावायची वेळच आली नाही. मी तो काढला आणि तुझ्या मनगटावर घातला. सावरीची पट्टी मोडते तसा आवाज झाला. तू ओरडलास. मी दुसऱ्यांदा उगारला. डोक्यावर घालणार होते. खरंच घालणार होते. तू खाली बसून हात पोटाशी धरलास आणि म्हणालास, "वहिनी, माझा उजवा हात! मी तार कशाने ओढू?"

त्या आवाजाने माझा हात वरच राहिला. आठ वर्षांचा असताना चिंचेवरून पडलास तेव्हा असाच रडला होतास.

मी प्रोपेलर परत खुंटीला लावला. तुझा हात मांडीवर घेतला. सुपडूने रंधून ठेवलेल्या सावरीच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या, त्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि मेण लावलेल्या दोराने बांधायला लागले.

"घट्ट नका करू, वहिनी."

"घट्टच लागतो. ढिला तणावा काही धरत नाही."

गाठ मारून झाल्यावर म्हटलं, "याच्यावर जर गुंडाळू नकोस."

तू हसशील की रडशील, मला कळेना. तुलाही कळलं नसावं. सुपडूला हाक मारून मी तुला स्टेशनपर्यंत पोचवायला सांगितलं. जाताना दारात थांबलास. "वहिनी, उद्या कुणाचं नाव घेणार?" मी म्हटलं, "गाडी चुकेल." तुझी घारी मी सुपडूच्या मुलांना दिली.

तू आता दुसऱ्या राज्यात आहेस. पोलिसांना कागद पाठवावे लागतील, वेळ लागेल. तेवढ्या वेळात तू पळू शकतोस. दादा असते तर पुन्हा म्हणाले असते, पळ. मी तसं म्हणत नाही. हात नीट जुळू दे, मग स्वतःहून ये. विमानाचे मोडके पंख खंडव्याच्या कचेरीत ठेवले आहेत, तणाव्यांवर तुझी जर अजून तशीच आहे. कुणी सोन्याची समजून सोलली नाही म्हणजे मिळवलं.

तू गेलास ती रात्र मी नीट झोपले, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने खंडव्याला गेले. वकील बाहेर म्हणाले, "बाई, ठरल्याप्रमाणे." मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. कोर्टात बसलेल्या निंबाची उजवी बाही वर करायला सांगितलं, तिथले दात माझे आहेत म्हणाले. आणि सांगितलं, पेटी प्रभाकरच्या हातात होती, आणि कौतिकच्या हातात त्याची मुलगी.